मुळेसाहेबांचं बॉनेट

आमचं पुढचं दार वाऱ्यानं आपटतं, म्हणून त्याला एक गोळा लावून ठेवते. बादलीच्या आकाराचा, काकवीच्या रंगाचा आणि मधोमध रंगाचा ब्रश उभा रोवलेला. दगडासारखा टणक. घरी येणारा प्रत्येक माणूस विचारतो, "आक्का, हे काय?" मी सांगते, "मुळेसाहेबांची गाडी." माणूस हसतो. मी काही विनोद केलेला नसतो.

मुळेसाहेब सरकारी कचेरीत धरणांचे, कालव्यांचे नकाशे काढायचे. निवृत्त झाल्यावर मुकुंदवाडीत आमच्या गल्लीत समोरच राहायला आले. ते आणि त्यांची बायको नलूताई. पोरगी लग्न होऊन लांब गेलेली. माझा म्हशींचा गोठा होता. गुडघे गेल्यावर मी म्हशी विकल्या, एकटी गंगी ठेवली. गोठ्याचा अर्धा भाग रिकामा पडला, तो साहेबांनी मागितला. मी विचारलं, "काय बांधणार?" म्हणाले, "जीप."

ती जीप त्यांच्या कचेरीचीच. तिच्यात पुढं इंजिनियर बसायचे आणि साहेब मागच्या आडव्या बाकावर. मांडीवर नकाशांच्या नळकांड्या, पाय बाहेर. अख्खी नोकरी अशी गेली. जीप भंगारात निघाली तेव्हा ती लिलावात यांनीच घेतली. ट्रॅक्टरनं ओढून आणली तेव्हा तिच्या पत्र्यातून आरपार पलीकडची म्हैस दिसत होती. पण इंजिनात दम होता. मेकॅनिकनं ते महिन्याच्या आत चालू करून दिलं. म्हणजे गाडी चालत होती. हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

साहेबांना मात्र नुसती चालणारी गाडी नको होती. पत्रा गंजतो, फायबर गंजत नाही, तेव्हा अख्खा बाहेरचा सांगाडा आपण फायबरचा करायचा, तोही स्वतःच्या नकाशाप्रमाणं. काचेच्या धाग्यांचं कापड साच्यावर अंथरायचं, त्यावर रेझिन नावाची राळ ब्रशनं चोपडायची, वाळलं की साच्यातून काढायचं आणि मग घासत बसायचं. एवढंच ते काम. कूलरवाले दिवसभर तेच करतात. साहेबांनी त्याला सहा वर्षं घेतली आणि तरी झालं नाही. तेवढ्या काळात आमच्या शहराचं नाव बदलून झालं.

माणूस उंच, काठीसारखा सरळ. पांढरा शर्ट पँटीत खोचलेला, कानावर पेन्सिल. बोलण्याआधी घसा साफ करायचे, जशी काय समोर फाईल ठेवलेली. तोंडात दोन वाक्यं कायम. एक, "सूतभर फरक चालणार नाही." सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा, सुतार-गवंडी मोजतात तो. आणि गाडी कधी होणार असं कुणी विचारलं की दुसरं, "काम प्रगतीपथावर आहे."

सकाळी दहाला घरातून निघायचे. घर ते गोठा म्हणजे गल्ली ओलांडायची. तेवढ्यासाठी नलूताई डबा भरून द्यायच्या. दुपारी एकला साहेब म्हशीकडं पाठ करून डबा खायचे. मी एकदा म्हटलं, "समोर तर घर हाय, गरम गरम जेवून या की."

"कामाच्या वेळेत घरी जाणं बरं दिसत नाही, आक्का."

साडेपाचला हात धुवून बाहेर. दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी, रविवार सुट्टी, कॅलेंडरात लाल असेल तो दिवस सुट्टी. एकदा ताप आला तर शाल पांघरून मला सांगायला आले, "आज मी रजेवर आहे." मी म्हटलं, "मंजूर." ते गंभीरपणे मान हलवून परत गेले.

पहिल्याच दिवशी त्यांनी फरशीवर खडूनं रेघ मारली होती. "आक्का, ही हद्द. अलीकडं तुमचं जनावर, पलीकडं माझं काम." गंगीनं त्याच संध्याकाळी बरोबर रेघेवर शेण टाकलं. साहेबांनी पट्टी लावून ते मोजलं आणि मला बोलावून दाखवलं. "सहा इंच अतिक्रमण." मी म्हटलं, "नोटीस द्या तिला."

हे सगळं गमतीचं. गमतीचं नव्हतं ते नलूताईंचं.

नलूताईंचं माहेर लासूर स्टेशन. तिथं त्यांचा भाऊ अनंतराव, बी-बियाण्यांचं आणि खताचं मोठं दुकान, दारात मोठी पांढरी गाडी. आणि आई, जिला सगळे माई म्हणतात. माईंच्या सहस्रचंद्रदर्शनाचं जेवण होतं. पंगत बसलेली. साहेबांनी लिलावात जीप घेतल्याची बातमी तिथं पोचली होती. अनंतराव भर पंगतीत म्हणाला, "भाऊजी, गाडी घेतली म्हणे. आता तरी पुढं बसता, का सवयीनं मागंच चढता?"

पंगत हसली. साहेब ताटावरून उठले. हात धुतले, घसा साफ केला आणि म्हणाले, "या दारात पुन्हा येईन तो माझ्या हातानं केलेल्या गाडीतून, पुढं बसून. तोवर मी नाही आणि ही पण नाही."

"मी श्रीखंड वाढत होते, आक्का," नलूताई मला मेथी निवडताना सांगत होत्या. "पातेलं तिथंच ठेवलं अन् निघाले. नंतर रस्त्यात आठवलं, माईच्या पानात वाढायचं राहिलं."

आता आमच्याकडची रीत अशी, की लेक माहेरी आपली आपण जात नाही. मुराळी यावा लागतो. भाऊ येतो, नाहीतर बाप, नाहीतर भाचा. तो न्यायला आला म्हणजे माहेरी आपली गरज आहे असं समजायचं. अनंतराव म्हणायचा, भाऊजींची गाडी होतेय ना, मग मी कशाला येऊ न्यायला. साहेब म्हणायचे, माझी स्वतःची गाडी असताना मुराळी कशाला. जात्याचे दोन्ही दगड शाबूत राहतात, पीठ दाण्याचं होतं.

वर रोज दुपारी लासूरला जाणारी पॅसेंजर आमच्या मुकुंदवाडीच्या स्टेशनातून जायची. शिट्टी गल्लीत ऐकू यायची. नलूताई नेमक्या त्याच वेळी कपडे वाळत घालायला बाहेर यायच्या. सकाळी धुतलेले कपडे दुपारपर्यंत बादलीत तसेच. मी विचारायची, "तू कधी जाणार गं?" त्या चिमटा लावत म्हणायच्या, "प्रगतीपथावर आहे."

तर त्या गोळ्याचं सांगते.

पहिला साचा तयार व्हायलाच वर्ष गेलं. लाकडी फळ्या आणि प्लास्टरचा, बॉनेटचा. साहेबांनी पंचांग बघून मुहूर्त काढला. तो आला नेमका मे महिन्यात, दुपारचा. गोठ्याचा पत्रा असा तापलेला की वर पापड भाजावा. साहेबांनी गल्ली बोलावली. मीही गेले, माझाच गोठा. त्यांनी बादलीभर राळ ओतली, डब्यावर लिहिलेलं प्रमाण वाचून त्यात हार्डनर घातला, घोटलं. हार्डनर घातला की ती राळ आपोआप कडक होते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. त्यांना माहीत होतं. मला वाटलं आता चोपडणार. तर त्यांनी बादली उचलून पाटावर ठेवली. नलूताईंनी भोवती रांगोळी काढली. बादलीला हळदकुंकू लावलं, राळेत उभ्या ब्रशला फूल.

पलीकडच्या गल्लीत सलीम राहतो, फायबरचे कूलर करतो. तो दारातून म्हणाला, "साब, पूजा पैले कर लो. माल बाद में मिलाव."

"सलीमभाई, ज्या द्रव्याचं काम, पूजा त्याचीच व्हायला पाहिजे," साहेब म्हणाले. "रिकाम्या बादलीची पूजा करू का?"

"हौ, आप की मर्जी."

नारळ फुटला. आरती सुरू झाली. नलूताईंना सगळ्या आरत्या सगळ्या कडव्यांसकट पाठ. साहेबही एक ओळ गाळू देईनात. सुखकर्ता झाली, शंकराची झाली, देवीची चालू असताना बादलीतून धूर यायला लागला. शेजारच्या बायकांना वाटलं धूप आहे, त्यांनी डोळे मिटून हात जोडले. मग असा वास सुटला की गंगी दावं तोडून रस्त्यावर. बादली एका अंगाला वितळून वाकडी झाली. साहेबांनी ब्रश ओढला तर बादलीच वर आली.

सलीम म्हणाला, "भगवान ने सीधा पक्का ही कर दिया, साब."

साहेबांनी घसा साफ केला. "उष्णतामानाचा दोष आहे," म्हणाले, आणि उरलेली आरती पूर्ण केली. अर्धी सोडणं बरं दिसत नाही ना. नंतर नलूताईंनी वितळलेली बादली सोलून काढली, आत हा गोळा. पुजलेली वस्तू कचऱ्यात टाकायची नाही, घरात ठेवायला जागा नाही. मी म्हटलं, आणा इकडं.

पुढचा साचा जास्त शहाणपणानं केला. राळ साच्याला चिकटू नये म्हणून आतून मेण लावतात. दुकानातलं मेण भेसळीचं असतं असं साहेबांचं मत. त्यांनी नलूताईंचं साजूक तूप घेतलं. माझ्याच गंगीचं, मीच दिलेलं. संध्याकाळी अख्ख्या साच्याला हातानं चोळून तूप लावलं. तेवढ्यात साडेपाच वाजले. कुणी दुसरा असता तर लगेच कापड अंथरून मोकळा झाला असता. पण वेळ संपली होती. उरलेलं काम उद्या दहाला.

आमच्या गल्लीत एक भटकं मांजर होतं, कुणाच्या मालकीचं नाही. त्यानं त्या रात्री साचा चाटून लख्ख केला. सकाळी साहेब आले, साच्यावर बोट फिरवलं आणि खूश झाले. "तूप छान मुरलंय, आक्का." मग दिवसभर कापड, राळ, कापड, राळ. वाळल्यावर साचा आणि बॉनेट एकजीव. छिन्नी-हातोडी घेऊन बसले तर निघालं ते तुकड्या-तुकड्यानं, प्लास्टरसकट. मांजर शेजारी पोत्यावर झोपलेलं, पोट तट्ट.

"हे मांजर कुणाचं?" साहेबांनी विचारलं.

"कुणाचंच नाय."

"मग याला जबाबदार कोण?"

मी सांगणार होते, पण नलूताई चहा घेऊन उभ्या होत्या.

तिसऱ्या खेपेला बॉनेट एकदाचं निघालं. मग घासणं. पाण्यात भिजवलेला पॉलिश पेपर घेऊन साहेब ते महिनोन्महिने घासायचे. उन्हात धरायचे, एक डोळा मिटून बघायचे, कुठंतरी सूतभर उंचवटा दिसायचा, पुन्हा पुट्टी, पुन्हा घासणं. कोरडं घासलं की त्याची जी भुकटी उडते ती काचेची. अंगावर बसली की खाजकुयली बरी. गंगी भिंतीला अंग घासून घासून एका बाजूनं बोडकी झाली, दूध आखडलं. नलूताई साहेबांचे कपडे वेगळे धुवायच्या आणि तरी रात्री मनगटं खाजवायच्या. साहेबांना खाज सुटत नसे. काही माणसांना नाही सुटत. आजूबाजूच्यांना सुटते.

मग माईंच्या डोळ्यांचं सुरू झालं.

मी धार काढत होते. नलूताई डबा घेऊन आल्या त्या तिथंच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "अहो, माईला नीट दिसत नाहीये. डॉक्टरांनी सांगितलं, आतला पडदा गेलाय, ऑपरेशनचा उपयोग नाही. पुढंपुढं उजेड-अंधार कळेल तेवढंच."

साहेब घासत होते. "साधारण किती अवधी आहे?"

"ते काय निविदा काढणार आहेत का?"

"तसं नाही. डावं मडगार्ड बसलंय. उजवं राहिलंय, अन् दारं. दिवाळीपर्यंत—"

"कुठल्या?"

साहेबांनी पेपर पाण्यात बुडवला. नलूताई डबा ठेवून निघून गेल्या. त्या दिवशी दुपारी कपडे वाळत घालायला आल्या तेव्हा मी स्पष्टच बोलले. "नलू, येडी का तू? तिकीट काढ अन् जा. तासाभराचा रस्ता."

"आपणहून गेले तर भाऊ म्हणेल, बघा, आली शेवटी. अन् हे म्हणतील, माझी मान खाली घातलीस."

"अन् आई काय म्हणंल?"

"फोनवर म्हणते, ये, तोंड दिसतंय तोवर ये."

एवढं सांगून त्यांनी उशीचा अभ्रा झटकला. सांगून ऐकणारी असती तर ही वेळ आली नसती.

त्या थंडीत एका सकाळी गोठ्यासमोर रिक्षा थांबली. आधी काठी बाहेर आली, मग एक मूठभर म्हातारी, नऊवारी, अंगावर शाल. बरोबर लासूरची कुणी बाई, ती दवाखान्याच्या कामानं शहरात आलेली. म्हातारीनं नाक वर केलं आणि विचारलं, "हेच ना ते गोठ्यासमोरचं घर? नलू फोनवर सांगते तसाच वास येतोय."

मी म्हटलं, "व्हय. कोण पाहिजे?"

"नलूला सांगा, मुराळी आलाय."

मी समोर हाक मारली. नलूताई कणकेच्या हातानं आल्या आणि रस्त्याच्या मधोमधच थांबल्या. माईंनी त्यांना जवळ ओढलं, तोंड दोन्ही हातात धरून उन्हाकडं वळवलं आणि स्वतःची मान वाकडी केली. "समोरून नाही दिसत आता. कडेनं दिसतं थोडं." मग बराच वेळ तशा कडेनं बघत राहिल्या. "म्हातारी झालीस की गं."

"तू उशीर केलास," नलूताई म्हणाल्या.

"एकटीला सोडत नव्हते घरातनं. ही बाई येणार म्हणाली, हिचा पदर धरून आले. रेल्वेनं. काही अवघड नाही." मग माई वळल्या. "जावईबापू कुठंयत?"

साहेब घरून आले. हातात वर्तमानपत्र, अंगात घरचा सदरा, कारण तो दुसरा शनिवार होता. त्यांनी वाकून नमस्कार केला. माई म्हणाल्या, "तुमची गाडी येईना म्हणून मीच आले. बघू तरी, आहे कशी."

लासूरची बाई त्याच रिक्षानं दवाखान्याकडं गेली, बाकी सगळी वरात गोठ्यात. माईंनी काठी माझ्या हातात दिली आणि बॉनेटवर दोन्ही तळवे फिरवले, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश. साहेब श्वास धरून उभे.

"गुळगुळीत झालंय हो. परातीसारखं."

साहेब फुलले. "सगळं हातानं केलंय, माई. यंत्र नाही."

"आणि चालते का?"

"इंजिन उत्तम आहे. पहिल्या महिन्यापासून चालू आहे."

"पहिल्या महिन्यापासून," माई म्हणाल्या.

नलूताई साहेबांकडं बघत होत्या. मला वाटतं, एवढ्या वर्षांत ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती, पण कुणी अशी उच्चारून बघितली नव्हती.

"मग अडलंय कुठं?" माईंनी विचारलं.

साहेबांनी घसा साफ केला. "उजवं मडगार्ड तयार आहे, पण बसवायचंय. बॉनेटला बिजागऱ्या नाहीत. दारांचे साचे व्हायचेत. घाईत सूतभर जरी फरक राहिला—"

"बापू, माझंच आता सूतभर राहिलंय. मी लेकीला न्यायला आले आहे. तुम्ही पोचवता, का आम्ही दोघी दुपारच्या गाडीनं जाऊ?"

साहेबांनी इकडंतिकडं बघितलं. माझ्याकडंही बघितलं, जशी काय मी कुणी वरिष्ठ होते. "पण आज दुसरा शनिवार आहे," ते म्हणाले. "आज काम बंद असतं."

"मग बरंच झालं," माई म्हणाल्या. "काम नाही तर फिरायला चला."

माझं धार काढायचं स्टूल खाली ठेवलं, त्यावरून माई जीपमध्ये चढल्या आणि पुढच्या सीटवर मांडी घालून बसल्या. साहेब पांढरा शर्ट घालून आले, कानावर पेन्सिल. बॉनेट नुसतं वर ठेवलेलं होतं, ते बांधायचं कशानं? मी गंगीचं दावं सोडून दिलं. साहेबांनी ते आडवं घेतलं, गाठ मारली, सोडली, मधोमध यावी म्हणून पट्टीनं मोजली, पुन्हा मारली. उजवं मडगार्ड सोडून जायला ते तयार होईनात. तिथं पोचल्यावर दारात बसवीन म्हणाले. मग ते नलूताईंच्या मांडीवर दिलं. नलूताई मागच्या आडव्या बाकावर, कणकेचे हात तसेच, मांडीवर मडगार्ड, पाय बाहेर.

मी विचारलं, "नलू, पिशवी तरी घे की, कपडे?"

"तिथं माझे जुने असतील," म्हणाल्या.

जीप गेली. दुपारी लासूरची गाडी शिट्टी मारून गेली तेव्हा समोर दोरी रिकामी होती.

पुढचं मी ऐकलेलं. माळीवाड्याच्या पुढं वारा लागला आणि दावं सैलावलं. बॉनेट उठून साहेबांच्या तोंडापुढं भिंतीसारखं उभं राहिलं. माई म्हणाल्या, "मला तसंही दिसत नाही, तुम्ही बघा." साहेबांनी मान बाहेर काढून तशीच गाडी कडेला घेतली, पुन्हा बांधलं, पुन्हा निघाले. लासूरला दारात पोचले तेव्हा गल्लीतली पोरं मागं धावत होती. अनंतराव दुकानातून उठून आला. त्यानं आधी दावं बघितलं, मग मागच्या बाकावरची बहीण बघितली, आणि म्हणाला, "भाऊजी, शेवटी ड्रायव्हर झालात तर."

साहेब स्टेअरिंग धरून तसेच बसले.

उत्तर माईंनी दिलं. "अनंता, तुझी पांढरी गाडी सहा वर्षं दारात उभी आहे. तिला कधी मुकुंदवाडीचा रस्ता सापडला नाही. यांच्या गाडीला अंग नाही, तरी आली. मला उतरव आणि पानं वाढायला सांग."

त्या दिवशी कुणी ताटावरून उठलं नाही. नलूताईंनी आईच्या पानात आधी वाढलं.

दुसऱ्या दिवशी साहेब एकटेच परत आले. दावं गुंडाळून हातात. मला वाटलं, आता हा माणूस काहीतरी बोलेल. निदान नलूबद्दल, माईंबद्दल. त्यांनी दावं माझ्यापुढं धरलं. "आक्का, हे वीतभर आखूड पडलं. म्हणून बॉनेट उठलं. बाकी रचनेत दोष नव्हता."

आणि दाव्यानं बॉनेटची कड चिरली होती, म्हणून सोमवारी सकाळी दहाला ते पुन्हा पुट्टी घेऊन बसले. डबा मात्र त्यांचा त्यांना करावा लागला. भाजी जळालेली असायची. एक वाजता म्हशीकडं पाठ करून तीच खायचे.

नलूताई उन्हाळ्यापर्यंत राहिल्या. आल्या त्या एकट्या, रेल्वेनं. तेव्हापासून मनात आलं की पिशवी उचलतात आणि दुपारची गाडी धरतात. मुराळीची वाट बघत नाहीत, जीपची तर नाहीच. माईंना आता दिसत नाही, हातानं चाचपून ओळखतात. साहेबांना वाटतं आपण शब्द पाळला. अनंतरावाला वाटतं बहीण परत आली म्हणजे तो जिंकला. नलूताईंना काय वाटतं मी विचारलं होतं. म्हणाल्या, "गर्दी असते हो गाडीला, पण बायका जागा देतात."

मागच्या वर्षी माझ्या पोरानं गोठा पाडून खोल्या काढायचं ठरवलं. गंगीही विकली. साहेबांचा शेंद्र्याकडं प्लॉट होता, तिथं त्यांनी शेड घातलं आणि घरही तिकडंच हलवलं. जीपचा बाहेरचा भाग पुन्हा सगळा उतरवलेला होता, म्हणून मोठा टेम्पो आणावा लागला. जीप आत चढवली, चाकांना दगड लावले. बॉनेट तेवढं राहिलं. टेम्पोवाल्यानं पुढचं दार उघडलं आणि म्हणाला, "साहेब, बसा पुढं."

साहेबांनी एकदा सीटकडं बघितलं, एकदा बॉनेटकडं. "हिला बसू द्या," म्हणाले. "रस्त्याला खड्डे आहेत. याचा कोपरा आपटला तर सगळं गेलं."

नलूताई पुढं बसल्या. साहेब मागच्या फळीवर, बॉनेट मांडीवर आडवं घेऊन, पाय बाहेर. मी मोकळं पडलेलं गंगीचं दावं आणून दिलं. त्यांनी ते बॉनेटभोवती आणि स्वतःभोवती गुंडाळलं, लांबी बघितली आणि नाराजीनं मान हलवली. टेम्पो निघाला. कोपऱ्यावर वळताना "हळू, हळू, सूतभर डावीकडं" असं ओरडणं ऐकू आलं. पुढच्या खिडकीतून नलूताईंचा हात बाहेर आला, माझ्याकडं हलला आणि आत गेला.

अजून फोन येतो अधूनमधून. नलूताई बोलतात, मागून घासण्याचा आवाज येतो. मी काही तिकडं गेले नाही. दावं परत आलं नाही, मीही मागितलं नाही. बांधायला म्हैस कुठं होती.